उसाच्या पानावरचं पांढरं

१८ सप्टेंबर १९८३, रविवार

मल्हारी, ही वही तुझ्या हातात पडेल तेव्हा ती तूच लिहायला सांगितली होतीस हे तू विसरलेला असशील. म्हणून पहिल्याच पानावर नोंदवून ठेवते, तूच सांगितलीस. दूध आणायला पाठवलं तर किटली तिथंच ठेवून मोकळ्या हातानं परत येणारा तू, आणि वर मलाच विचारणार, "आई, मी कशाला गेलो होतो?" तुम्ही शिकलेली माणसं सगळं कागदावर ठेवता आणि डोकं रिकामं करून हिंडता. मला अक्षर येत नाही, त्यामुळे मला विसरायची सोय नाही.

तारीख सुमननं घातली. अक्षर तिचं, बोलणं माझं. मी 'लय' म्हणाले की ही 'फार' लिहिते. शाळेतली पोरं सुधारता सुधारता सासूलाही सुधारायला निघाली आहे. असू दे. वही तुझ्याशिवाय कोणाला दाखवायची नाही, एवढं तिला बजावलं आहे.

तर तो किडा. मागच्या अंगणातल्या उसाच्या बेटावर सापडला. तिळाहून मोठा, ज्वारीच्या दाण्याहून लहान. रंग, दुधात पाणी जास्त झाल्यावर होतो तसा. पंख नाहीत. मागे दोन शेपट्या, पिसासारख्या, अंगाएवढ्या लांब. बोट जवळ नेलं की अशी उडी मारतो की मारताना दिसत नाही, मारल्यावर दिसतो. मी आधी म्हटलं तुडतुडा, आंब्याच्या मोहोरावर असतो तो. पण तुडतुड्याला असलं शेपूट कुठलं? शालू म्हणाली, "आजी, हा मोर आहे." तुझी लेक सात वर्षांची आहे, तिला अजून सगळंच मोर दिसतं.

हे पाहुणे आले कुठून ते मला ठाऊक आहे. डोंगरातल्या पेठला बदलीवर जायच्या आदल्या दिवशी तू तुझ्या कामाच्या त्या नदीकाठच्या गावातून उसाचं वाढं आणलंस, शेजारच्या लताबाईच्या शेळीसाठी, सायकलला बांधून. शेळीनं खायच्या आधी दोन दिवस ते माझ्या बेटाला टेकून पडलं होतं.

तुझं पत्र सुमननं तीनदा वाचून दाखवलं. 'आई, त्या किड्यांवर रोज नजर ठेव आणि दिसेल ते लिहवून घे. हात लावू नकोस. मी काय शोधतोय ते तुला सांगणार नाही. सांगितलं तर तुला तेच दिसायला लागेल. उद्या कोणी विचारलं की मुलानं शिकवलं का, तर तुझ्या तोंडून खरं "नाही" यायला हवं.'

वा रे बाबा. आईवर भरवसा आहे, पण माहिती द्यायची नाही.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. नाशिक रोडच्या फलाटावर गाडी उभी राहिली तरी मला नुसता खडखडाट. पण नाकाशी धरलं तर सुईचं नेढंसुद्धा लख्ख दिसतं. किडे बघायला देवानं नाही, म्हातारपणानं डोळे दिले.

२१ सप्टेंबर

आज चौतीस. मोजणं मोरीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढून. सुमन म्हणाली, "आत्या, घरमालक ओरडेल." म्हटलं, "ओरडू दे, त्याला तरी वाचता येतंय का बघू."

मल्हारी, तुला तिकडे टाकून महिना झाला. बागाईतदारांनी तक्रार केली की उसाला कीड लागली, पानं चिकट होऊन काळी पडली, आणि कृषी सहायक मल्हारी म्हणतो पावडर मारू नका, पंधरा दिवस थांबा. म्हणून चौकशी होईपर्यंत पेठ. चौकशीत चांगलं निघालं तर तू घरी. वाईट निघालं तर काय, हे मला कोणी सांगत नाही. सुमनला विचारलं की तिला कपडे वाळत घालायचे असतात.

२५ सप्टेंबर

आज एक नवलाचं दिसलं. एक शेपटीवाली पाठीवर पोर घेऊन बसली आहे. पोर म्हणजे तांदळाच्या कणीएवढं, पांढरं, कापूस लावल्यासारखं, पाठीला घट्ट चिकटलेलं. बोट नेलं तर हिनं उडी मारली नाही, दोन पावलं सरकली फक्त. पोर पडेल म्हणून जपत असणार. मला शहाणी वाटली. तुला पाठीला बांधून मी उसात कामाला जायचे तेव्हा मीही असंच चालायचे.

सायखेड्याला आम्ही बायका बागाईतदाराच्या उसात पाचट काढायला जायचो. पानाच्या मागच्या अंगाला कापसासारखं पांढरं दिसलं की ओरबाडून फडक्यात घ्यायचं आणि बांधावर जाळायचं. ती किडीची अंडी. संध्याकाळी मुकादम फडकी उघडून बघायचा, जिचं कमी तिला शिव्या. पांढरं दिसलं की पीक गेलं, एवढं शास्त्र मला पाठ आहे. बागाईतदाराला आमच्या हातांनी पुसलेली पानं चालायची. आम्हाला प्यायला पाणी मात्र वरून ओतायचा.

माझ्या बेटावरही पांढरं दिसायला लागलं आहे. चार ठिकाणी. तू हात लावू नको म्हणालास म्हणून बोटं आवरून धरली आहेत.

१ ऑक्टोबर

किडा ओळखला.

सकाळी एक शेपटीवाला पानाला पाय रोवून बसला होता. पाठ फाटली, आणि जुन्या झग्यातून बाई बाहेर यावी तसा आतून दुसराच जीव आला. ओला, लुळा. मी पाटावर बसून राहिले, चहा निवला. ऊन वर आलं तेव्हा त्याचे पंख पसरले, वाळल्या गवताच्या रंगाचे, पाठीवर छपरासारखे मिटलेले. आणि तोंडापुढे चोच.

चोच बघितली आणि मी मटकन बसलेच, म्हणजे बसलेली होतेच. ही तर पाकोळी! उसातली पाकोळी. मोठी झालेली शेकडो वेळा बघितली, अंगावर उडाली, जेवणात पडली. तिचं पोर इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. मोलकरणीला वाकून पोरं बघायला वेळ कोण देतो?

ज्या किडीनं माझ्या लेकाला डोंगरात घातलं तिचीच पिलं मी अंगणात वाढवते आहे.

सुमनला सांगितलं तर म्हणाली, "होय आत्या, पाकोळीच ती."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोललीस का नाही?"

"त्यांनी शपथ घातली आहे."

या घरात येडी म्हणून माझी एकटीचीच नेमणूक झाली आहे.

९ ऑक्टोबर, रविवार

पाठीवर पोरवाल्या आता अकरा दिसतात. पहिलीचं पोर काल उतरलं. चार दिवस मी त्याच्यावरच नजर ठेवून होते. ते फुगत गेलं आणि आई बारीक होत गेली. आज आई पानात तोंड खुपसून तशीच बसलेली. फुंकर मारली तर कोंड्यासारखी उडाली. आतून पोकळ. पोर आईला खाऊन मोठं झालं असं मनात आलं. पण ते कुठल्या घरात होत नाही? म्हणून पुढे काही बोलले नाही.

पोर कुठे गेलं दिसलं नाही. त्या जागेपासून चार बोटांवर आज पांढरा पुंजका आहे. म्हणजे तेवढ्यात दुसऱ्या कोणी येऊन अंडी घातली. असे पुंजके आता सतरा.

सुमनला 'सतरा' लिही म्हटलं तर तिचं तोंड उजळलं. "सतरा? नक्की ना आत्या?" मला समजेना. ऊस बुडतोय आणि ही खूश. शिकलेल्या बाईचा आनंद कुठून येईल सांगता येत नाही.

बाकी तिला आठ दिवस सर्दी आहे. लिहिताना नाक ओढते. सुंठ उगाळून दिली तर घेतली नाही.

१६ ऑक्टोबर

सावळीराम येऊन गेला. त्या गावातला एकटा तोच तुझ्या बाजूनं उभा राहिला होता. बाजाराला आला होता, येताना भोपळा आणला. बसला, पण पाठ टेकली नाही.

"मावशी, सगळ्यांनी मिळून पावडर मारली. माझ्या बांधापर्यंत आली. आता त्या उसात औषधालासुद्धा पांढरं राह्यलं नाय."

मी म्हटलं, "बरं झालं की मग. कीड गेली."

"कुठं गेली? कीड हायेच. पांढरं गेलं." त्यानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मल्हारीचं लय वाईट झालं, मावशी."

"पांढरं गेलं तर माझ्या मल्हारीचं वाईट का होईल?"

तो तोंड उघडणार तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली आणि त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चहाबरोबर शब्दही गिळला. मग शेळीच्या किमतीवर बोलत बसला. याच्याकडे शेळी नाही.

रात्रंदिवस मी याच्यावर विचार करते आहे. मला उलगडलं ते असं. त्यांनी पावडर मारली, पांढरं गेलं, ऊस स्वच्छ दिसायला लागला. आता ते साहेबाला म्हणणार, 'बघा, आम्ही साफ केलं, मल्हारी नको म्हणत होता.' म्हणूनच सावळीराम तसा बोलला. पांढरं हाच तुझ्यावरचा ठपका.

आणि माझ्या दारात तसले सव्वीस ठपके.

२२ ऑक्टोबर

तुझं पत्र. 'आई, साहेब शुक्रवारी अठ्ठावीस तारखेला तुझं बेट बघायला येणार आहेत. हट्ट धरून कबूल करून घेतलं आहे. तू जसं आहे तसं दाखव. विचारतील ते सांग. माझी पेठमधून सुटका त्या उसावर आहे.'

सुमननं पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून स्वतःशी वाचलं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस. साहेब आला तर मी तुझ्या नवऱ्याची मान खाली जाऊ देणार नाही."

ती म्हणाली, "आत्या, तुम्ही फक्त काही करू नका."

सुनेनं सासूला असं सांगायचे दिवस आले.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मी फार दमले आहे पण लिहवल्याशिवाय निजणार नाही.

सुमन दहाला गेली, शाळेत सहामाही परीक्षा. साहेब बाराला येणार होते. मी पदर खोचला. साहेब येणार आणि मल्हारीच्या आईच्याच दारात पांढरं? 'यानं स्वतःच्या घरची कीड काढली नाही, हा गावाला काय सांगणार?' असंच म्हणणार ना? तू हात लावू नको म्हणालास ते ध्यानात होतं. पण किड्याला हात लावणं वेगळं आणि पाहुणा यायच्या आधी दार आवरणं वेगळं.

खालची पानं ओरबाडून काढली. वरची एकेक ओल्या फडक्यानं पुसली, मागून पुढून, सायखेड्याला पुसायचे तशी. हात अजून विसरलेले नाहीत. मग दोन बादल्या पाणी मारलं. धडधाकट होत्या त्या उड्या मारून भिंतीवर जाऊन बसल्या, पोरवाल्या बिचाऱ्या उडाल्याच नाहीत, पाण्याबरोबर मोरीत गेल्या. वाईट वाटलं. पण लेकापुढे पाकोळी कोण? पानं आणि पांढरं सगळं बंबात घालून पाणी तापवलं, अंघोळ केली, सडा टाकला, लुगडं बदललं.

साहेब भला माणूस. बूट बाहेर काढले. खिशातून भिंग काढून बेटाभोवती दोनदा फिरले, वाकले, पानं उलटी केली. भिंतीवरच्या पाकोळ्या एव्हाना परत आल्या होत्या, टणाटण उडत होत्या. मग ओट्यावर बसले.

"आजी, मुलानं तुम्हाला काही सांगून ठेवलं आहे?"

"काही नाही, साहेब. आईला काही सांगायची त्याला पद्धतच नाही."

ते हसले. "पानांवर पांढरे पुंजके होते का? कापसासारखे? घाई करू नका, आठवून सांगा."

"नाव काढू नका, साहेब."

"आधी कधी होते?"

"कधीच नाही. या दारात तसलं काही टिकत नाही."

"किड्यांच्या पाठीवर काही पांढरं? दाण्यासारखं?"

म्हटलं, आता हा पोरांबद्दल विचारतो. किडीची पोरं किती वाढली ते मोजणार आणि तुझ्या माथी मारणार. "एका जीवाच्या पाठीवर दुसरा कशाला बसेल, साहेब?"

त्यांनी भिंग पुसून खिशात घातलं. मला वाटलं उत्तर फार नेमकं बसलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं, मला सावकाश वाचून दाखवलं, 'पांढरे कोश अगर परोपजीवी कधीही पाहिले नाहीत.' शाईची डबी बॅगेत होतीच. मी असा अंगठा दिला की एक रेघ फुटली नाही. चहा बशीत ओतून प्याले. जाताना म्हणाले, "तुमचा मुलगा हुशार आहे, आजी. पण..." आणि 'पण'च्या पुढे न बोलताच बूट घातले.

एवढं सांगितलं आणि सुमनची लेखणी थांबली. "शाई संपली का ग?" म्हटलं.

"नाही, आत्या. सांगा पुढे."

पुढे काय सांगायचं? झालं की सगळं. अंगठ्याची शाई मी मुद्दाम धुतलेली नाही.

३० ऑक्टोबर

सुमननं काल सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पहिलीच्या पोरांना शिकवतात तसं शांतपणे सांगितलं.

ती पाकोळीची पोरं नव्हती. दुसऱ्याच एका लहान पतंगाची अळी ती. पाकोळीच्या पाठीवर बसते, तिचा रस पिते, पाकोळी वाळून मरते. मग अळी पानावर उतरून स्वतःभोवती पांढरा कोश विणते. तोच कापूस. तू त्या गावात हेच सांगत होतास, की पांढरं आलं आहे, ते आपलं काम करेल, थांबा, पावडर मारली तर हेच आधी मरेल. त्यांनी मारली. गावात एक कोश उरला नाही. असलं काही नव्हतंच, मल्हारी थापा मारतो, असं त्यांनी लिहून दिलं. तू खरं बोललास याचा पुरावा सगळ्या जिल्ह्यात फक्त माझ्या बेटावर होता.

तो मी बंबात घातला. त्या पाण्यानं अंघोळ केली.

आणि वर म्हणाले, कधीच नव्हते.

अंड्यांचं पांढरं वेगळं असतं म्हणे. अंडी ओळीनं, वर विस्कटलेला कापूस. कोश एकेकटा, मधे फुगीर, पालथ्या होडीसारखा. मी नाकाशी धरून बघत होते आणि मला एकच पांढरं दिसलं, मुकादमानं शिकवलं होतं तेवढं.

शाई धुतली. राखेनं घासली. नखाच्या कडेला राहिलीच.

२ नोव्हेंबर

सुमन ही वही घेऊन साहेबांच्या कचेरीत गेली होती. मी म्हटलं होतं कोणाला दाखवायची नाही. दाखवली.

म्हणाली, साहेबांनी सगळी पानं वाचली. सतरा वाचलं, सव्वीस वाचलं, पोरवाल्यांचं वाचलं. बंबाचं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, मला हे खोटं वाटत नाही. पण अक्षर तुमचं, आणि तुम्ही त्यांच्या पत्नी. वर कोणीही म्हणेल की ही नंतर बसून लिहिली. आजींचा अंगठा मात्र आजींचाच आहे."

मी म्हटलं, "मी येते. दुसरा अंगठा देते."

"पहिला खोटा होता म्हणून दुसरा दिला, तर दोन्ही खोटे ठरतात, आत्या."

बासष्ट-पासष्ट वर्षं जगले. माझ्या तोंडचा शब्द कागदावर दोनदा गेला, एकदा या वहीत, एकदा त्या कागदावर. खरा होता तो कोणी धरला नाही.

८ नोव्हेंबर

एक राहिला होता.

भिंतीकडच्या अंगाला, दोन पानांच्या बेचक्यात. परवा दिसला. पालथी होडी, मधे फुगीर. मी कोणाला बोलले नाही. तिथंच पोतं टाकून बसले. लताबाई कुंपणावरून म्हणाली, "बयामावशी, उसाला पहारा लावला का काय?" म्हटलं, "चोर घरातलाच आहे, बाई."

आज सकाळी कोशाचं एक टोक उघडलं आणि काळपट पतंग निघाला. घरमाशीएवढा. बसला, पंख वाळवले. उडाला नाही, पानावरून खाली चालत गेला, टोकाशी पोचला, परत फिरला. नाकाशी धरून बघावं एवढा जवळ होता. आता मला दोन्ही ओळखता येतात, कीड आणि तिची वैरीण. विचारायला कोणी येणार नाही.

संध्याकाळी दिसला नाही. त्याला जोडीला दुसरा कुठून मिळणार?

२६ नोव्हेंबर

हुकूम आला. पगाराच्या दोन वाढी बंद, आणि पेठ, पुढचा आदेश येईपर्यंत. पुढचा आदेश कधी येतो विचारलं तर सुमन म्हणाली, बहुतेक येत नाही.

तू आलास, गोधड्या आणि मोठी ट्रंक न्यायला. एक दुपार होतास. हे तुला माहीत आहे, तरी लिहवते. तुझी आठवण कशी आहे ते मला माहीत आहे.

तू म्हणालास, "आई, चूक माझी. तुला सांगायला हवं होतं."

"मग रागाव तरी."

"रागावून काय होणार आहे?"

मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या डोळ्यांना दिसावं म्हणून अगदी जवळ येऊन. तू बेटाकडे बघत होतास. जेवायला वाढलं ते सगळं खाल्लंस, मीठ कमी होतं तरी बोलला नाहीस. एरवी ताट सरकवतोस. निघताना वाकून पायाला हात लावलास, पण बोटांची टोकं फक्त, परक्याच्या घरी लावतात तसा.

शिवी दिली असतीस तर मी चार दिल्या असत्या आणि आपण दोघं मोकळे झालो असतो.

सुमन हे लिहिताना थांबली नाही. तिची सर्दी आता बरी आहे. तिनंही पेठ तालुक्यातल्या शाळेत बदली मागितली आहे.

११ डिसेंबर, रविवार

आज अक्षर वेगळं दिसंल. लताबाई लिहितीया. चौथी शिकलीय, मी बोलंल तसंच लिहिते, सुधारीत नाय. पयल्यांदा माझं बोलणं मला माझं वाटलं, आणि तेबी ऐकवत नाय.

सुमन आणि शालू गुरुवारी गेल्या. शालू एस.टी.च्या खिडकीतून हात हालवीत व्हती म्हणं. मला गाडीबी दिसली नाय, नुसता भोंगा. म्या आपला भोंग्याकडं हात केला.

सुमन म्हनली व्हती, "आत्या, तुम्ही पण चला." म्या म्हटलं, "मोतीबिंदू काढायचा हाय, दवाखाना हितंच हाय." खरं ते नाय. तुझ्यासमोर रोज बसून तू गप जेवतोस ते मला बघवायचं नाय. लांबचं धूसर दिसतं ते बरं हाय.

बेट तोडलं नाय. पाकोळ्या थंडीनं कमी झाल्यात. रोज मोजते, लिहीत नाय. पांढरं काय दिसत नाय.

लताबाई म्हनती, "लेकाला लिव्हा की, माझं चुकलं." म्या म्हटलं, त्याला ठावं हाय. ठावं असलेलं लिहायला तुझी शाई कशाला घालवू?

ही वही सावळीरामबरोबर पाठवते. तुझं काम व्हतं ते झालं, न झालं. तुझी वस्तू तुझ्यापाशी.

तू गेल्यापासून तुझं पत्र नाय. नको पाठवू. पत्र मला वाचून दाखवायला दुसऱ्याचं तोंड लागतं, आणि लताबाईचं तोंड लय मोठं हाय. हे पण लिही गं, थांबू नको.

त्यापरास नागलीचं पीठ पाठव, दोन शेर. तिकडंच दळून घे, हितला गिरणीवाला नागली घालू देत नाय. पिशवीत नको, जुन्या फडक्यात बांध आणि पेठच्या गाडीच्या कंडक्टरपाशी दे. गाठ सुमनला मारू देऊ नको. तिची गाठ दोन वेढ्यांची, तुझी उलटी बसती, लहानपणापासनं. बोटं फिरवली की मला कळंल.